मज्जारज्जूची गाठ ‘तशीच राहू द्या’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

नाशिक, निफाड, दिंडोरीकडच्या अनेक व्हॉट्सॲप गटांत एक संदेश फिरतो आहे. कण्यातली गाठ कर्करोगाची नसेल तर ती अपाय करत नाही, एक्स-रे चांगला आला म्हणजे काळजी मिटली, मालिशीने व काढ्याने गाठ विरते आणि ऑपरेशन केले की माणूस कायमचा अंथरुणाला खिळतो, असे त्यात ठामपणे सांगितले आहे.

पहिले विधान जागेचा विचारच करत नाही. मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून कण्यातून खाली येणारा मज्जातंतूंचा दोर, करंगळीएवढ्या जाडीचा असतो आणि तो हाडांच्या अरुंद पोकळीत असतो. मेनिन्जिओमा (मज्जारज्जूच्या आवरणातली गाठ) किंवा श्वानोमा (मज्जातंतूच्या आवरणातली गाठ) बहुधा कर्करोगाची गाठ नसते, ती सावकाश वाढते. पण तिला पसरायला जागा नसल्याने सारा दाब मज्जारज्जूवर येतो आणि हातपाय, लघवी व शौच यांचे नियंत्रण हळूहळू जाऊ लागते.

दुसरे विधान मला सर्वांत घातक वाटते. एक्स-रेमध्ये ही गाठ सहसा दिसतच नाही. एमआरआय केला तरी अनेकदा तो केवळ कमरेचा असतो. प्रौढ माणसाचा मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, तर मेनिन्जिओमा बहुतांशी मध्यमवयीन व त्यापुढच्या स्त्रियांत आणि तोही पाठीच्या भागात आढळतो. त्यामुळे द्राक्षबागेत छाटणी-विरळणी करणाऱ्या बाईच्या कमरेच्या एमआरआयमध्ये मणक्यांमधली थोडी सरकलेली गादी दिसते, दुखण्याचे खापर त्या गादीवर आणि कामावर फुटते, आणि वर असलेली गाठ वाढत राहते. आडवे झाल्यावर वाढणारे रात्रीचे दुखणे, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्याची जाणीव, ताठरलेले पाय, अंधारात जाणारा तोल, पायातून निसटलेली चप्पल न कळणे, यांपैकी काही असेल तर मज्जातंतूंची नीट तपासणी आणि कॉन्ट्रास्टसह (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून औषध देऊन) संपूर्ण कण्याचा एमआरआय करण्याबद्दल डॉक्टरांना विचारलेच पाहिजे.

मालिशीने वा काढ्याने अशी गाठ विरत नाही. त्यात जातो तो वेळ.

ऑपरेशनची भीती मात्र निराधार नाही. मज्जारज्जूच्या आतल्या गाठी, उदाहरणार्थ एपेंडिमोमा (मज्जारज्जूच्या आतल्या अस्तरातली गाठ) किंवा रक्तवाहिन्यांची हिमँजिओब्लास्टोमा, काढणे जोखमीचे असते आणि नंतर काही काळ बधिरता वा अशक्तपणा वाढू शकतो. परंतु मज्जारज्जूच्या बाहेरून दाबणाऱ्या गाठी बहुतेक वेळा पूर्ण निघतात. 1887 साली लंडनमध्ये डॉक्टर गॉवर्स यांनी निदान केलेली अशी गाठ शल्यविशारद हॉर्सली यांनी काढली, आणि दोन्ही पाय लुळे पडलेला तो रुग्ण पुन्हा चालू लागला. आज शल्यविशारदाच्या हाती सूक्ष्मदर्शक असतो, गाठ आतून पोखरणारे अल्ट्रासाउंडचे उपकरण असते आणि भूल दिलेली असतानाही मज्जातंतूंचे संदेश तपासता येतात. रुग्ण आधी किती चालू शकत होता, यावर नंतरची सुधारणा बरीच अवलंबून असते. म्हणूनच अंथरुणाला खिळण्याचा धोका वाट पाहण्यातही आहे. लहान, त्रास न देणाऱ्या गाठीवर ठरावीक काळाने एमआरआय करून लक्ष ठेवता येते, पण तो निर्णय न्यूरोसर्जनने तपासून घ्यायचा असतो. पायांतली शक्ती झपाट्याने कमी होत असेल किंवा लघवी अडत असेल, तर बागेतला हंगाम संपण्याची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.