किलोमीटरला सात मिनिटं सात सेकंद

मॅरेथॉन पळायला अवघड असते हे सगळेच सांगतात. ती आधी कागदावर पळावी लागते, हे मात्र पैसे भरून होईपर्यंत कुणी सांगत नाही. मुंबई मॅरेथॉनसाठी नाव नोंदवलं तेव्हा माझी कल्पना साधी होती. जानेवारीतल्या त्या रविवारी पहाटे पाचला सीएसएमटीहून निघायचं आणि जमेल तेव्हा परत यायचं. पण धावण्याच्या ग्रुपमध्ये पहिल्याच दिवशी विचारणा झाली, "टार्गेट पेस काय?" म्हणजे किलोमीटरला किती मिनिटं. मी म्हटलं, "बघू." मंडळींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी लग्नाची तारीखसुद्धा "बघू" म्हणून ठरवली असणार.

मी अकाउंट्समधला माणूस. आकडे मागितले की मला नाही म्हणवत नाही. पाच तास हा आकडा मला वयाला आणि पोटाला शोभेलसा वाटला. तीनशे मिनिटं भागिले ४२.१९५ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला सात मिनिटं सात सेकंद. त्या रात्री मी एक्सेलमध्ये अख्खी मॅरेथॉन पळलो. दहा किलोमीटर एक तास अकरा मिनिटांत, तीस किलोमीटर तीन तास तेहतीस मिनिटांत. दम लागला नाही.

शेवटचे १९५ मीटर मात्र डोळ्यांत खुपत राहिले. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये ही शर्यत साधारण चाळीस किलोमीटरची होती. १९०८ मध्ये लंडनकरांनी ती विंडसर किल्ल्यापासून सुरू करून स्टेडियममधल्या राजघराण्याच्या कक्षासमोर संपवली, आणि १९२१ मध्ये तेच अंतर कायमचं झालं. राणीला नीट दिसावं म्हणून झालेल्या त्या सोयीतल्या नुसत्या १९५ मीटरना माझी एक मिनिट तेवीस सेकंद जाणार. चाळिशीच्या वरचे दोन किलोमीटर तर मी धरतच नाही. इंग्रजांकडून कोहिनूर मागणाऱ्यांनी हाही हिशेब मागायला हरकत नाही.

पाच तास झेपतील का, याचीही सूत्रं आहेत. हाफ मॅरेथॉनच्या वेळेची दुप्पट करून दहा मिनिटं मिळवा, असं एक पंथ म्हणतो. वीस मिळवा, असं दुसरा. पीट रीगल नावाच्या अमेरिकन अभियंत्याने याहून शास्त्रशुद्ध सोय करून ठेवली आहे: अंतर जितक्या पट, त्याच्या १.०६ व्या घाताइतक्या पट वेळ. माझी हाफची वेळ दोन तास वीस मिनिटं. रीगलच्या सूत्राने फुलची चार तास बावन्न मिनिटं येते. आठ मिनिटं शिल्लक! मी हे बायकोला उत्साहाने दाखवलं. ती म्हणाली, "अहो, पण हाफ झाल्यावर तुम्ही दोन दिवस जिना उलटे उतरत होता. ते कुठल्या रकान्यात धरलंय?"

रीगलच्या सूत्रात जिना नाही.

मग इंधनाचा मुद्दा आला. धावताना ढोबळमानाने दर किलोमीटरला दर किलो वजनामागे एक कॅलरी खर्च होते. माझे बहात्तर किलो, म्हणजे एकूण तीन हजारांच्या वर. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर असते दोनेक हजारांची. म्हणून तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पळणाऱ्यांना ती प्रसिद्ध 'वॉल' लागते, म्हणजे अंगातली ताकद एकदम संपते. चरबी असते, माझ्याकडे तर ती बदलापूरपर्यंत पुरेल एवढी आहे, पण शरीर ती सावकाश सोडतं आणि जितकं जोरात पळाल तितकी साखर जास्त मागतं. थोडक्यात, पहिल्या आठवड्यात पगार उडवला की पंचवीस तारखेला जे होतं ते होतं. पेस ठरवायचा तो यासाठी. हे पटल्यावर मी मुकाट्याने अर्ध्या-अर्ध्या तासाला जेल, म्हणजे पाकिटातला साखरेचा घट्ट पाक, खायचा रकाना उघडला. बायकोने एक जेल चाखून पाहिलं आणि पुन्हा त्या विषयावर बोलली नाही.

कोचचा हट्ट निगेटिव्ह स्प्लिटचा. पहिला अर्धा भाग सावकाश, दुसरा वेगात. मी म्हटलं, "सर, दुसऱ्या अर्ध्यात मी वेगात पळू शकलो असतो तर पहिल्यातच नसतो का पळलो?" यावर ते नुसते हसले. मग मी अभ्यास केला. २०२२ मध्ये बर्लिनला केनियाच्या किपचोगेने २:०१:०९ चा विश्वविक्रम केला, तेव्हा त्याचा पहिला अर्धा भाग ५९:५१ मध्ये झाला होता. म्हणजे दुसऱ्यात गडी जवळपास दीड मिनिटाने मंदावला! हा पुरावा घेऊन मी तडक ग्राउंडवर गेलो. कोच शांतपणे म्हणाले, "आणि २०२३ ला शिकागोत किप्टुमने २:००:३५ केले, त्यात दुसरा भाग जास्त वेगात होता. त्याचं काय?" किलोमीटरला तीन मिनिटांच्या आत पळणारी दोन माणसं. त्यांच्यावरून सात-सातवाला आणि त्याचा कोच शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर अर्धा तास भांडत होते. पलीकडच्या बाकावरचे आजोबा मन लावून ऐकत होते. उठताना त्यांनी विचारलं, "यातला किपचोगे कोण?"

मेव्हणा गॅलोवेपंथी. जेफ गॅलोवे १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये पळलेला माणूस. त्याने पुढे लोकांना थोडं पळा, थोडं चाला, असं शिकवलं, तेही दमल्यावर नाही, पहिल्या किलोमीटरपासून. पद्धत खरोखर शहाणी आहे, असं माझं मत. पण सोसायटीतल्या काकांनी ती ऐकली आणि म्हणाले, "चालायचंच असेल तर पैसे भरून कशाला? मी रोज फुकट चालतो." चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं या योजनेतला सगळा तजेला त्या वाक्याने गेला.

आतापर्यंत रस्ता सपाट होता, कारण तो एक्सेलमध्ये होता. खऱ्या मार्गावर पेडर रोड दोनदा लागतो. जाताना अंधार असतो, अंगात ताकद असते, चढ कळतही नाही. मग हाजी अली, वरळी, सी लिंक, माहीम असा फेरफटका करून पस्तिसाव्या किलोमीटरच्या सुमाराला माणूस परत तिथेच येतो. ऊन डोक्यावर, हवेत दमटपणा, आणि आता तो चढ आपली ओळख करून देतो. कडेला लोक संत्र्याच्या फोडी घेऊन उभे असतात म्हणे. त्या चढाला किलोमीटरला आठ मिनिटं दिली, मग ती भरून काढायला सी लिंकला सहा-पन्नास केले, मग सी लिंकवर फोटोसाठी थांबावंच लागेल म्हणून वरळीकडून वीस सेकंद उसने घेतले. संडासाच्या रांगेसाठी चार मिनिटं ठेवली होती. ती मेव्हण्याने अवास्तव म्हणून काढून टाकली.

एवढ्यात पळलेलं अंतर मोजणाऱ्या घड्याळाचा घोटाळा समजला. मार्ग मोजतात तो कमीत कमी अंतराच्या रेषेने, प्रत्येक वळण आतून कापत. आपण पळतो गर्दीतून, डावीकडून उजवीकडे, पाण्याच्या टेबलाकडे. त्यामुळे घड्याळात शेवटी ४२.७ वगैरे भरतात. म्हणजे घड्याळावर सात-सात दिसत राहिले तर पाच तास हुकले. सात-दोन दिसायला हवेत. सोबत न्यायची वेळांच्या तक्त्याची पट्टी नव्याने छापली. झेरॉक्सवाल्याने लॅमिनेट करताना विचारलं, "मुलाचं टाइमटेबल का?"

आदल्या रात्री मुक्कामाला गिरगावात मावशीकडे गेलो. पहाटेच्या लोकलची भानगड नको म्हणून. शर्यतीआधी पिष्टमय पदार्थ भरपूर खायचे, याला कार्ब लोडिंग म्हणतात. मावशीने तो शब्द न ऐकताच ते केलं. तिसरी पुरणपोळी वाढता वाढता म्हणाली, "परत येताना चौपाटीवर कधी असशील? मी कोकम सरबत घेऊन उभी राहते. मजल्यावरच्या सगळ्याच येतायत."

एवढ्या महिन्यांत माझा तक्ता खरोखर हवा असलेली ही पहिलीच व्यक्ती. मी पट्टी काढली. चौपाटी साधारण अडतिसाव्या किलोमीटरला. स्टार्टची रेघ ओलांडेपर्यंत पाच मिनिटं. "नऊ पस्तीस," मी म्हटलं.

"छे रे! साडेनऊला पाणी येतं. नऊ वीसला आम्ही सगळ्या परत फिरणार."

"मावशी, अगं हे शास्त्र आहे. साखर, पेडर रोड..."

"पंधरा मिनिटं लवकर ये की. एवढा पळतोयस तर."

रात्री दहाला मोबाइलवर हिशेब केला. दोनशे पंचावन्न भागिले अडतीस. सहा मिनिटं त्रेचाळीस सेकंद. पट्टीच्या मागच्या कोऱ्या बाजूला मार्करने लिहून ठेवले आहेत. कोचना कळवलेलं नाही.