आजीला वाहिलेला आल्बम सैतानाचा कसा?

गेल्या रविवारी ताईने मला एक फॉरवर्ड पाठवला. खाली तिचं एकच वाक्य: "वाच, आणि हे त्याला तूच ऐकायला लावलंस." तो म्हणजे माझा भाचा, वय १७. आमचे बाबा श्रावणात गेले. तेव्हापासून तो रात्री जेवण झालं की गच्चीवर जातो आणि ओपेथ या स्वीडिश मेटल (म्हणजे जड, गोंगाटी रॉक वाजवणाऱ्या) बँडचा 'डॅम्नेशन' हा आल्बम ऐकत बसतो. आजोबांच्या हाताखाली वाढलेला मुलगा आहे. फॉरवर्ड वाचून ताईने त्याचे हेडफोन कपाटात ठेवून दिलेत.

हा मजकूर तुमच्या सोसायटीच्या ग्रुपवरही फिरून गेला असेल. 'पालकांनो, वेळीच सावध व्हा' अशी सुरुवात आणि शेवटी दहा जणांना पाठवण्याची विनंती. मधले दावे असे: मेटल संगीताने झाडं मरतात, हे अमेरिकेत सिद्ध झालं आहे. ते ४४० हर्ट्झवर असतं म्हणून मेंदूला घातक. त्यात भावना नसते, नुसती किंचाळी. ते सैतानाचं, नावंच बघा. उदास गाणी ऐकणारी मुलं नैराश्यात जातात, म्हणून हेडफोन काढून घ्या आणि गाणी पुसून टाका.

झाडांचा मुद्दा आधी घेतो, कारण ताईला तोच सगळ्यात पटला. त्यात 'प्रयोग' हा शब्द आहे ना! हा प्रयोग डेन्व्हरच्या डोरोथी रेटालॅक यांचा. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९७३ साली आलं. रॉक लावल्यावर रोपं स्पीकरपासून दूर झुकली आणि रविशंकरांची सतार लावल्यावर स्पीकरकडे झुकली, असं त्यांचं म्हणणं. मोजकी रोपं, बंद पेट्या, आणि पाणी, दमटपणा यांवर पुरेसं नियंत्रण नाही. वनस्पतिशास्त्राने हा पुरावा मानलेला नाही. पण आपल्या सतारीचं कौतुक आलं की आपण पुढचं तपासतच नाही, त्यामुळे आपल्याकडे ही गोष्ट पन्नास वर्षं मजेत फिरते आहे. आणि ज्या बँडवर ती आज लादली जाते, त्याचा गायक मिकाएल ऑकरफेल्ट जन्मला १९७४ साली, पुस्तकानंतर. बरं, क्षणभर धरून चालू की रोपं खरंच झुकली. त्या रोपांचे आजोबा वारले नव्हते. माझ्या भाच्याचे वारले आहेत.

४४० हर्ट्झ म्हणजे वाद्यं सुरात लावायचं नेहमीचं मान, त्यावर वेळ घालवत नाही. बाजारातला कुठलाही कीबोर्ड त्याच स्वरमानावर लावलेला येतो, गणपतीत आरतीला वाजतो तोसुद्धा.

किंचाळीचं मात्र थोडं खरं आहे, ते मान्य करतो. मेटलमध्ये घशातून गुरगुरत गाण्याची पद्धत आहे आणि पहिल्यांदा ऐकणाऱ्याला त्यातला शब्द कळत नाही. मलाही कळला नव्हता. पण 'डॅम्नेशन'मध्ये असा एकही आवाज नाही. आठ रचना, एक नुसती वाद्यांची आणि बाकी सगळी मोकळ्या गळ्याने, जवळजवळ कुजबुजत म्हटलेली. इतकी, की याला मेटल तरी का म्हणायचं असा वाद चाहत्यांमध्येच आहे. उत्तर त्याच्या जन्मात सापडतं. २००२ साली ओपेथने दोन आल्बम एकाच वेळी रेकॉर्ड केले. 'डिलिव्हरन्स' त्याच वर्षी आला आणि 'डॅम्नेशन' २००३ मध्ये. पहिल्यात सगळा जडपणा आणि गुरगुर, शीर्षकगीताच्या शेवटी तर एकच ठोका मिनिटांमागून मिनिटं घणासारखा पडत राहतो. दुसऱ्यात तीच माणसं आवाज खाली आणून बसलेली.

'डॅम्नेशन'मधलं दुःख कुठून येतं हे नीट ऐकलं तर सांगता येतं. स्वच्छ गिटारवर एकच आकृती संथपणे फिरत राहते आणि मागे मेलोट्रॉन असतो. हे जुनं वाद्य आहे. त्याची पट्टी दाबली की आत टेपचा तुकडा फिरतो आणि कुणीतरी केव्हातरी वाजवून ठेवलेली बासरी किंवा व्हायोलिनं ऐकू येतात, किंचित थरथरत. म्हणजे सूर समोर आहे, पण वाजवणारा कधीच उठून गेलेला आहे. माझ्या भाच्याला मेलोट्रॉन माहीत नाही. तरी तो मला म्हणाला होता, "मामा, जुन्या घरातून कुणीतरी हाक मारतंय असं वाटतं." मग 'क्लोजर' नावाचं गाणं येतं. लय चढत जाते, चढत जाते आणि मध्येच कापल्यासारखी थांबते. नाव समाप्तीचं, आणि समाप्ती हाती येतच नाही. बाबांचा शेवटचा फोन ज्याने अर्धवट ठेवला, त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. शेवटच्या गाण्यात तर ड्रम्सही नाहीत.

आता तो सैतान. ताईने मला आल्बमच्या नावाचा फोटो काढून पाठवला. डॅम्नेशन म्हणजे नरकवास, शब्दकोशात हेच मिळणार. पण ही दोन आल्बमं रेकॉर्ड होत असताना ऑकरफेल्टची आजी मोटार अपघातात गेली, आणि दोन्ही तिला अर्पण केलेली आहेत. गुरगुरणारा आणि कुजबुजणारा, दोन्ही. एका नातवाने आजीला वाहिलेला आल्बम दुसरा नातू आजोबा गेल्यावर ऐकतो आहे, आणि आपण त्याच्या हातून तो सैतानाचा म्हणून काढून घेतो. मला याचा फार राग आला आहे.

राहिला नैराश्याचा मुद्दा, आणि सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. बर्लिनच्या दोन संशोधकांनी, लिला तारुफी आणि श्टेफान कोल्श यांनी, २०१४ साली ७७२ जणांना उदास संगीताबद्दल सविस्तर विचारलं. लोकांनी सगळ्यात जास्त वेळा सांगितलेली भावना दुःख नव्हतीच. ती होती गतकाळाची ओढ, जुन्या आठवणींनी भरून येणं. आणि मन दुखावलेलं असताना, एकटेपणात, लोक मुद्दाम असं संगीत लावतात, कारण त्याने सावरायला मदत होते, असंही त्यांच्या उत्तरांत आहे. आपल्याला हे परकं का वाटावं? संध्याकाळी मारवा लागला की जीव कासावीस होतो आणि तरी आपण उठून जात नाही. ज्ञानेश्वरांच्या विराण्या पिढ्यान्‌पिढ्या गायल्या गेल्या. त्या ऐकून पोरं बिघडतील म्हणून कुणी दहा जणांना निरोप धाडले नाहीत.

एक गोष्ट कबूल करायला हवी. जो माणूस आधीच एकाच विचाराच्या भोवऱ्यात अडकला आहे, त्याला उदास गाणी आणखी खोल नेऊ शकतात. झोप उडाली, जेवण सुटलं, मुलगा कुणाशी बोलेनासा झाला, तर डॉक्टरकडे जायलाच हवं. पण तिथेही गाणी पुसून टाकणं हा उपाय नाही. त्याने एवढंच होतं की मुलगा दार लावून ऐकायला लागतो आणि तुम्हाला काहीच कळेनासं होतं. माझा भाचा जेवतो, कॉलेजला जातो, मला फोन करतो. रडतोही, आणि ते रडणं त्याचं हक्काचं आहे.

ताई, हेडफोन कपाटातून काढ. त्याला ते लगेच देऊ नकोस वाटलं तर, पण गच्चीवर जा आणि म्हण, फोनच्या स्पीकरवर लाव, मलाही ऐकायचंय. त्रेचाळीस मिनिटांचा आल्बम आहे. बाबांसाठी तूही अजून धड रडलेली नाहीस.