मुक्के खुडणाऱ्याची आग

नागपूर जिल्ह्यातल्या भिवापूरकडं उन्हाळ्यात पाहुणा आला की त्याला आधी पाणी देतात, मग गूळ, आणि तो टेकला की पुढ्यात मिरच्यांनी भरलेलं सूप सरकवतात. वर्षाचं तिखट व्हायचं असतं. मुक्के, म्हणजे देठं, खुडायला हात लागतात, आणि पाहुण्याचे हात रिकामेच असतात. मी तर शहरातून आलेला शिकलेला नातू, म्हणून माझ्यापुढं सूप नव्हे, पोतं.

पहिला काही वेळ काहीच होत नाही. त्या वेळात माणूस फुशारक्या मारतो. मिरचीतलं कॅप्सेसिन, म्हणजे तिला तिखट करणारं रसायन, कातडीतून आत उतरायला वेळ घेतं, एवढंच. उतरलं की ते मज्जातंतूच्या टोकावरच्या टीआरपीव्ही-१ या प्रथिनाला चिकटतं. हे प्रथिन खरं तर चटका ओळखण्यासाठी. साधारण ४३ अंश सेल्सिअसला ते दारासारखं उघडतं. कॅप्सेसिन त्याला चटक्यावाचूनच उघडायला लावतं. सोडियम-कॅल्शियमचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, आत घुसतात आणि तंतू वर्दी देतो: हात जळाला! हे प्रथिन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ साली हुडकलं, आणि २०२१ साली त्यांना नोबेल मिळालं. आमच्या अंगणात बसले असते तर काम एका दुपारीत उरकलं असतं.

वर्दी काही पळत जात नाही. जळजळ नेणारे बारीक तंतू सेकंदाला जेमतेम मीटरभर मजल मारतात. आपण चालतो त्याहून जरा कमीच. पाठीच्या कण्यात पोचल्यावर तर वाटच संपते. पुढच्या पेशीच्या आधी २० ते ४० नॅनोमीटरची फट. नाल्याला पूर आला की अलीकडच्यानं निरोप डब्यात घालून पाण्यात सोडावा, तसा तंतू त्या फटीत ग्लुटामेट आणि सबस्टन्स पी ही निरोप नेणारी रसायनं सोडतो. पलीकडची पेशी ते धरते आणि बोंब मेंदूपर्यंत नेते.

तोच तंतू इकडं बोटातही रसायनं सांडतो. त्यातलं सीजीआरपी रक्तवाहिन्यांच्या पेशींना सांगतं, रुंद व्हा. बोटं लालबुंद! जळीत झालंच नाही, पण मदत हजर. सरकारदरबारी याच्या नेमकं उलट असतं.

काका म्हणाले माठात हात घाल. काकू म्हणाली चिखल लाव. शेजारच्यानं तर फुंकर मारायला पोरगंच धाडलं. आजीनं मान वर केली.

"काहून बे, पाण्यानं काय होते? तेल चोळ, मंग साबन लाव."

कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतं. आजीला हे कुणी शिकवलं नव्हतं.

तिचे हात मात्र थंडगार. वर्षानुवर्षं कॅप्सेसिन झेलून तंतूंची टोकं बधिर होतात, आक्रसतात. वर्दी द्यायचंच सोडतात. याच गुणावर डॉक्टर नागिणीनंतरच्या वेदनेसाठी ८ टक्के कॅप्सेसिनची पट्टी लावतात. हे मी तिला मोठ्या कौतुकानं सांगितलं.

"म्हंजे मी आजवर फुकटातच औषध घेऊन राह्यलो," ती म्हणाली. "मंग माहे गुडघे काहून दुखते?"

पट्टी दुखऱ्या जागीच लावावी लागते, एवढंच मी बोललो. तिनं मिरचीच्या हातांनी लुगडं गुडघ्यावर सारायला घेतलं.