घाटावरचं झाकण

परवा सकाळी माझी 175 ग्रॅमची डिस्क एका मावशींच्या बिबड्यांवर, म्हणजे वाळत घातलेल्या ज्वारीच्या पापडांवर, जाऊन पडली. पाऊण तासानं परत मिळाली. घासली, धुतली, उन्हात ठेवली. लसणाचा वास काही जात नाही.

डिस्क गोल्फ म्हणजे प्लॅस्टिकची चकती फेकून साखळ्यांच्या टोपलीत अडकवायचा खेळ. त्याचा पहिला कायमचा कोर्स, म्हणजे मैदान, 1975 साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये झाला. आमचा धुळ्यातला कोर्स म्हणजे पांझरेकाठची मोकळी जागा, कूलरचा गंजका स्टँड, त्यावर लोखंडी कडं आणि गुरं बांधायच्या 12 साखळ्या. साखळ्या ताणून बांधू नयेत. आम्ही बांधल्या होत्या. नेमकी बसलेली डिस्कसुद्धा टणकन बाहेर यायची. सैल सोडल्या, आत लहान कडं घालून आणखी 6 लोंबकळवल्या, तेव्हा कुठे ती अडकायला लागली.

तर परवाची फेक. बिघडलीय हे हातातून सुटतानाच कळलं होतं. धावत तीन पावलं टाकली की जोर वाढल्यासारखा वाटतो, पण खांदे आधीच उघडतात, कोपर बरगड्यांना चिकटतं आणि डिस्क छातीसमोरून सरळ ओढली जायच्या ऐवजी पोटाला वळसा घालून येते. दंड छातीपासून काटकोनात सुटा राहायला हवा. शिवाय किटलीतून चहा ओतताना झुकतं तसं मनगट खाली हवं. माझं वर होतं, म्हणजे डिस्कची पुढची कडही वर. समोरचा वारा अशा डिस्कच्या पोटाखाली शिरून तिला पतंगासारखी उचलतो, आणि वेग संपला की ती डावीकडे कोसळते. उजव्या हाताची बॅकहँड, म्हणजे अशी छातीसमोरून ओढून केलेली फेक, शेवटी डावीकडे जाणारच, तो तिचा धर्म. डावीकडे मावशींची खाट होती.

"हाई तुन्ही ताटली शे का?"

"हो मावशी. चुकून आली."

"आनि कुत्रं?"

"कुत्रं नाहीये."

"मंग हाई लई कोन येस?"

"मीच."

मावशींनी सुनेकडे पाहिलं. सुनेनं थापायचं थांबवून पदर तोंडाला लावला. मावशींनी डिस्क उलटसुलट केली आणि वरचे आकडे वाचले: 12, 5, उणे 1, 3.

"बारा पाचनी गाडी शे का?"

इथे गप्प बसायचं, तर मी समजावत बसलो. 12 म्हणजे वेग, 5 म्हणजे तरंगणं, उणे 1 म्हणजे वेगात असताना उजवीकडे किती कलते, 3 म्हणजे शेवटी डावीकडे किती वळते.

"म्हंजे डावीकडे जाई, हाई लिखेल शे?"

"हो."

"आनि तुले माहीत शे?"

"हो."

"मंग उजवीकडे दखीसन फेकानं ना!"

सल्ला शंभर टक्के बरोबर होता, म्हणूनच झोंबला. खरं तर 12 वेगाची डिस्क माझ्या हाताची नव्हेच. तिला लागतो तेवढा वेग मिळाला नाही की उजवीकडचं कलणं होतच नाही, नुसतं डावीकडे पडणं उरतं. मी हौसेनं मागवली. डिस्कपेक्षा कुरिअरचीच किंमत मनाला लागते. शिकणाऱ्यानं दोन-तीन वेगाचा पटर, म्हणजे जवळच्या फेकीची हळू डिस्क, घ्यावा, जागेवर उभं राहून निम्म्याहून थोड्या जास्त जोरानं फेकावा, आणि तो सपाट उडायला लागेपर्यंत धावायचं नावच काढू नये. हे मी इतरांना सांगतो.

दरम्यान सून ओल्या फडक्यावर थापलेली बिबडी खाटेवर पालथी घालत होती. एकीचीही कड वर नाही. मी बघायचं टाळलं.

"द्या ना मावशी आता."

"थांब. दोन बिबड्या मोडन्यात तुन्ही." आणि त्यांनी माझी डिस्क घाटाच्या, म्हणजे बिबड्यांच्या शिजवलेल्या पिठाच्या, पातेल्यावर ठेवली. घाट गरम असेतोच बिबड्या थापता येतात, आणि त्यांचं झाकण सापडत नव्हतं. साधारण 21 सेंटीमीटरचा व्यास, पातेल्यावर चपखल बसला. या खेळाचा जनक एड हेड्रिक 2002 साली गेला, तेव्हा त्याच्या इच्छेप्रमाणे त्याची रक्षा डिस्कच्या प्लॅस्टिकमध्ये मिसळली होती. तिकडे डिस्कला ती इज्जत, इकडे वाफ. घाट संपेपर्यंत मला खाटेजवळ बसवून कावळे हाकायला लावलं.

शेवटी मावशींनी डिस्क पदरानं पुसून हातात दिली.

"दुसरी शे का? झाकन चांगलं बसस."

पिशवीत पटर होता. नाही म्हणालो.