आधी सेल, मग आभार

डिसेंबर लागला की मोबाईल उघडायची सोय राहत नाही. ‘आपल्याबद्दल कृतज्ञता म्हणून ५० टक्के सूट’. अरे बाबा एवढी कृतज्ञता आहे तर फुकट दे की, सूट कसली देतो! दिवाळीत तेच, नाताळात तेच, परत गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या टायमाला तेच.

आम्ही ख्रिस्ती, पक्के सोलापूरकर, त्यामुळं दुसऱ्याच्या सणाला नावं ठेवतोय असं कुणी म्हणू नये. आमच्याकडं नाताळ म्हणजे करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या. आई आठवडाभर तळत बसायची आणि मग ताटं भरून गल्लीत वाटायची, पद्मशाली शेजाऱ्यांकडं, मुसलमान शेजाऱ्यांकडं, त्यांचं दिवाळीचं आणि ईदचं आलेलं असायचंच आणि ताट रिकामं परत करायचं नाही हा नियम. चांदणी घरची, बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद खळीनं चिकटवलेला. नवीन कपडे पण व्हायचे, नाही असं नाही, फक्त दोन नंबर मोठे.

आता हे सेलचं खूळ अमेरिकेतून आलं म्हणतात ना, मग तिथलं ऐका. थँक्सगिव्हिंग म्हणजे नोव्हेंबरातला आभार मानायचा दिवस, आणि नाताळची खरेदी त्यानंतर सुरू करायची अशी तिथली जुनी पद्धत. तेव्हा हा दिवस नोव्हेंबरातल्या शेवटच्या गुरुवारी असायचा, १९३९ ला तो गुरुवार आला ३० तारखेला. दुकानदार म्हणले खरेदीला दिवस कमी पडतात, तर प्रेसिडेंट रूझवेल्टनी आभाराचा दिवसच आठवडाभर अलीकडं ओढला! काही राज्यांनी ऐकलं, काहींनी साफ नाही म्हणून सांगितलं, शेवटी १९४१ ला कायदा करून चौथा गुरुवार नक्की केला. आणि दुसऱ्या दिवशी काय, तर ब्लॅक फ्रायडे, म्हणजे मोठ्या सेलचा दिवस. गुरुवारी ‘देवा तू भरपूर दिलंस’, शुक्रवारी टीव्हीसाठी ढकलाढकली.

आपला काय संबंध म्हणू नका. सोलापूरचा टेरी टॉवेल अमेरिका-युरोपात जातो, तिकडं सेलमध्ये गठ्ठ्यानं उचलतात त्यातला एखादा आपल्या एमआयडीसीतला असणार. टॉवेलच्या कडेला शिलाई मारणाऱ्या बायका बघितल्यात कधी? भुवयांवर कापसाचा रुवा, हाताखालून टॉवेल सरकतोय, पैसे पीसवर म्हणून मान वर करायला फुरसत नाही. कृतज्ञतेचे मेसेज येतात ते गिऱ्हाईकाला, हिला कोण थँक्यू म्हणतंय? पीसमागं थोडे वाढवून मागितले की मार्केट डाऊन असतं. खरेदी बंद करा असं मी म्हणणार नाही, निम्म्या गावाचं पोट त्यावर आहे. पण आभार मानायचेच असतील तर ज्याच्या हातानं वस्तू झाली त्याचे माना, आणि जमलं तर रोख माना.

यंदा आमच्या चर्चच्या तरुण संघात सिक्रेट सँटाची टूम निघालीय, चिठ्ठी टाकून ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप भेट द्यायची, माणशी ५०० चं गिफ्ट. मी म्हणलं त्याच पैशात चर्च झाडणाऱ्या मावशींना बोनस द्या आणि उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत त्यांचं नाव घ्या. पोरं फुगून बसलीत. बसू द्या, पाकीट २४ तारखेच्या आत मावशींच्या हातात पडलं पाहिजे, मग कुणाला कॉफीचे मग वाटायचेत ते वाटा.