खपलीखालचं रक्त खराब नसतं

‘सोरायसिस म्हणजे रक्तातली घाण. खपली काढली की रक्त येतं, हाच पुरावा. बायोप्सीत सगळे चट्टे सारखेच दिसतात, वर तुकडा काढला की रोग अंगभर पसरतो. चट्ट्यावर बिब्बा घासा, भांडी वेगळी ठेवा.’ सोरायसिस या खपल्यांचे चट्टे उठवणाऱ्या त्वचारोगाबद्दलचा हा मेसेज सोलापुरात आमच्या एकेका ग्रुपवर येतोच आहे. कुंभारीत विड्या वळणाऱ्या मावशीने तो वाचून बायोप्सीची, म्हणजे कातडीचा बारीक तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची, तारीखच रद्द केली. आता गप्प बसवत नाही.

आधी रक्ताचं. खपली खरवडली की रक्ताचे बारीक ठिपके येतात, खरं आहे. का येतात, ते त्याच बायोप्सीत दिसतं. निरोगी कातडीत तळाची पेशी वर येऊन गळायला साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये हे काही दिवसांतच उरकतं. पेशींना पक्व व्हायला सवड मिळत नाही, म्हणून अगदी वरच्या थरातही पेशीकेंद्रं शिल्लक दिसतात आणि खपल्या साचतात. बाह्यत्वचेच्या घड्या लांबत खाली उतरतात, त्यांच्या मधून फुगलेल्या केशवाहिन्या वर चढतात, आणि नेमकी त्यांच्या माथ्यावरची कातडी पातळ झालेली असते. खरवडलं की रक्त येणारच! त्यात घाण कसली? वरच्या थरात पांढऱ्या पेशींचे पुंजके सापडतात, तेही जंतूंमुळे नव्हे, प्रतिकारशक्ती बिथरल्यामुळे.

सगळे चट्टे सारखे? लायकेन प्लेनस या दुसऱ्या त्वचारोगात बाह्यत्वचेचा तळ करवतीच्या दात्यांसारखा असतो आणि त्याला लागून लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा सलग पट्टा. सोरायसिसमध्ये जो दाणेदार थर नाहीसा होतो, तो इथे उलट जाडावतो. गजकर्ण असेल तर खास रंग दिल्यावर बुरशीचे धागे दिसतात. आणि गजकर्णाला सोरायसिस समजून नुसतं स्टेरॉइड चोळलं, तर बुरशी फोफावते.

बायोप्सी दरवेळी लागत नाही, हे मान्य. बहुतेकदा डॉक्टर नजरेनेच ओळखतात. मावशीचे चट्टे फक्त तळहातांवर, म्हणून इसब की सोरायसिस हा संशय होता. जखमेच्या जागी कधीकधी नवा चट्टा उठतो, हेही खरं. त्याला कोबनर परिणाम म्हणतात. पण तीन-चार मिलिमीटरच्या तुकड्याने रोग अंगभर पसरत नाही.

भांड्यांचं एका ओळीत: जागतिक आरोग्य संघटनेच्या सभेच्या 2014च्या ठरावातच सोरायसिस असंसर्गजन्य म्हटला आहे.

राहिला बिब्बा. एवढ्याशा जखमेला घाबरवणारा हाच मेसेज कातडी भाजणारं तेल चोळायला सांगतो! बिब्बा उतला की काय होतं, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. लावला असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि वापरलेल्या मलमांच्या ट्यूबाही सोबत न्या. स्टेरॉइड लावलेलं असलं की बायोप्सीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या खुणा पुसट होतात.