टीमचा उत्साह कसा वाढवावा: नव्या मॅनेजरसाठी काही गोष्टी

मॅनेजर झालात, अभिनंदन. आता वरून विचारणा होईल, तुमच्या टीमचं ‘एंगेजमेंट’ किती? घाबरू नका. माणसाचा कामात जीव रमतो का, हे त्याला समोर बसवून विचारू मात्र नका. सांगून टाकेल. सर्व्हे काढा.

सर्व्हे निनावी आहे हे ठळक अक्षरांत लिहा आणि लगेच खाली विभाग, वयोगट, स्त्री की पुरुष, नोकरीची वर्षं विचारा. सात जणांच्या विभागात चाळिशी ओलांडलेली, नऊ वर्षं झालेली बाई एकच असते. गॅलप या सर्वेक्षण कंपनीच्या प्रसिद्ध प्रश्नावलीत प्रश्न जेमतेम १२ आहेत. तुम्ही साठ ठेवा. चाळिसाव्यानंतर माणूस डोळे मिटून ‘सहमत’ दाबत सुटतो आणि आकडा आपसूक चढतो.

विल्यम कान या अभ्यासकाने १९९० साली लिहून ठेवलंय की माणूस कामात स्वतःला ओततो तो तीन गोष्टी असल्या तर: कामाला काही अर्थ वाटला, बोललं तर अंगाशी येणार नाही याची खात्री असली आणि अंगात त्राण उरलं असलं. तिन्ही भानगडीच्या. त्यापेक्षा शुक्रवारी फुगे लावा.

राहिला पूर्वग्रहाचा प्रश्न. तो तुम्हाला नाहीच. तुम्ही फक्त गुणवत्ता पाहता. अमेरिकेत दोन अर्थतज्ज्ञांनी सारख्याच दर्जाचे बायोडेटा नुसती नावं बदलून पाठवले होते. २००४ साली निष्कर्ष छापून आला: गोऱ्या वाटणाऱ्या नावांना मुलाखतीची बोलावणी सुमारे ५० टक्के जास्त. ते मालक कच्चे म्हणायचे. नावावरून नाकारायचं नसतं हो, ‘कल्चर फिट वाटत नाही’ म्हणायचं. याचा अर्थ कुणी विचारत नाही, कारण विचारणारा फिट नसतो.

खरी कसोटी मीटिंगमध्ये. तीच नऊ वर्षं झालेली बाई म्हणेल, “आधी जुन्या ग्राहकांच्या तक्रारी निकाली काढू, मग नवं काही.” तुम्ही या वेळी लॅपटॉपमध्ये पाहत असावं. “हं,” म्हणावं. दहा मिनिटांनी तुमच्या उजव्या हाताला बसणारा खुर्ची मागे रेलून म्हणेल, “सर, मला वाटतं, आधी जुन्या तक्रारी संपवाव्यात.” आता मान वर करा. फळ्यावर लिहा, खाली दोन रेघा मारा. ती काही बोलायला तोंड उघडेलच. तेव्हा तिला मिनिट्स, म्हणजे मीटिंगची नोंद, लिहायला सांगा, तिचं अक्षर छान आहे. मिनिट्समध्ये ती कल्पना त्याच्या नावावर तिच्याच हाताने उतरते, हे अगदी बघण्यासारखं असतं.

वर्षाअखेरीस अप्रेजल. तो टेबलावर हात आपटतो म्हणजे त्याला कामाची तळमळ आहे. तिने नुसतं “हे मी म्हटलं होतं” म्हटलं, तर ‘टीम प्लेअर होण्यास वाव’.

तरीही कुणी कुरकुरलंच, तर वर्कशॉप ठेवा. स्टारबक्सने मे २०१८ मध्ये अमेरिकेतली आठ हजारांहून जास्त दुकानं एका दुपारी बंद ठेवून लोकांना पूर्वग्रह टाळण्याचंच प्रशिक्षण दिलं. तुम्हाला दुपारसुद्धा नको, चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पुरे. आवाज बंद करून दुसऱ्या खिडकीत चालू ठेवता येतो. शेवटी प्रमाणपत्र मिळतं. ते तुमच्या खुर्चीमागे लावा, म्हणजे व्हिडिओ कॉलवर दिसेल.

एक दिवस ती राजीनामा देईल. निरोपाच्या मुलाखतीत तासभर बोलेल. तुम्ही मान डोलवा आणि फॉर्मवर ‘वैयक्तिक कारण’ या चौकटीत खूण करा. पुढच्या सोमवारी तिच्या बंद पडलेल्या मेलवर सर्व्हेची आठवण जाईल: ‘तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.’ मेल परत येईल. तेवढं एक नाव यादीतून काढा, सहभागाची टक्केवारी सुधारते.